भोसरी ते लोटे, दोन एमबीपीएसवर: आवाज दाबणाऱ्या डब्याचा रिव्ह्यू

आधीच सांगते, ब्रँडचं नाव टाकत नाहीये. एकतर हा डबा (ऑफिसचे फोन एकमेकांना जोडणारा आणि आवाज दाबून, म्हणजे कमी जागेत बसवून, पाठवणारा) तीनचार वेगवेगळ्या स्टिकरखाली मिळतो, आणि दुसरं म्हणजे आत सगळीकडे तेच आहे, अ‍ॅस्टेरिस्क, म्हणजे मार्क स्पेन्सरने १९९९ मध्ये लिहायला घेतलेलं, टेलिफोन एक्स्चेंज चालवणारं फुकट सॉफ्टवेअर, त्यावर विक्रेत्याने स्वतःचं वेब पेज चढवलेलं. म्हणून रिव्ह्यू डब्याचा कमी आणि त्याच्या जाहिरातीत जे लिहिलेलं असतं ना, "व्हॉइस कॉम्प्रेशन, ८ पट बँडविड्थ बचत", त्याचा जास्त आहे.

आमची भानगड अशी. हेड ऑफिस भोसरी एमआयडीसीत, प्लँट लोटे परशुरामला. दोन्हीकडे डेस्कवर आयपी फोन, आणि ऑफिस ते प्लँट दिवसभर बोलणं चालू असतं, स्टोअर्स, डिस्पॅच, क्वालिटी, अकाउंट्स. प्लँटला फायबर आहे पण महामार्गाच्या कामात जेसीबीने तो कितीवेळा तोडलाय विचारू नका, आणि तुटला की लोकल प्रोव्हायडरची आरएफ, म्हणजे बिनतारी, लिंक हाच आधार, ती दोन एमबीपीएसची. त्या दोनात फोन, टॅली, ईमेल, आणि कुणीतरी गुपचूप बघत असलेले रील्स, सगळं बसवायचं. मी अ‍ॅडमिन आणि आयटी दोन्ही बघते (छोट्या कंपनीत असंच असतं), त्यामुळे फायबर तुटला की पहिला फोन मलाच, आणि तोही तुटक तुटक ऐकू येणारा.

म्हणून हा डबा घेतला. दोन डबे खरं तर, एक इकडे एक तिकडे.

आता ते ८ पट कुठून येतं ते बघू. साधा टेलिफोनचा आवाज, जी.७११, सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येक नमुना ८ बिट, झाले ६४ किलोबिट. आपल्याकडच्या पीआरआय लाइनचा (ऑफिसला टेलिकॉमवाल्यांकडून मिळणारी डिजिटल फोन लाइन) हिशोबही यावरच बसतो, तशा एका लाइनमध्ये, म्हणजे ई-वन मध्ये, ३२ खाचे, त्यातले ३० बोलण्यासाठी, एकूण २.०४८ मेगाबिट. जी.७२९ नावाचा कोडेक (आवाज दाबायची आणि परत उघडायची पद्धत) तोच आवाज ८ किलोबिटमध्ये बसवतो. ६४ भागिले ८, आठ पट. गणित बरोबर आहे, पण इंटरनेटवर आवाज नुसता जात नाही, पॅकेटात जातो, आणि सगळी गोम तिथे आहे.

जी.७२९ दर १० मिलिसेकंदांचा आवाज १० बाइटमध्ये बसवतो. साधारणपणे दोन तुकडे एका पॅकेटात टाकतात, म्हणजे २० बाइट. त्यावर आयपीचं हेडर (पाकिटावरच्या पत्त्यासारखं) २०, यूडीपीचं ८, आरटीपीचं १२, झाले ४० बाइट. माल २० चा आणि बारदान ४० चं! सेकंदाला अशी ५० पॅकेटं, म्हणजे ८ किलोबिटचे झाले २४. इथरनेटचे १८ बाइट धरले तर ३१ च्या वर. आणि जी.७११ चे ६४ सगळं धरून होतात ८७. म्हणजे आठ पट वगैरे काही नाही, पावणेतीन पट. वाईट नाही, पण ब्रोशरवर आठ छापायचं आणि कोटेशन देताना चेहरा सरळ ठेवायचा याला हिंमत लागते.

त्यातून आमच्यासारखं व्हीपीएन (दोन ऑफिसांमधला कुलूपबंद खाजगी रस्ता) असेल तर अजून मजा. आयपीसेकच्या बोगद्यातून गेलं की ते ६० बाइटचं पॅकेट १०० च्या पुढे जातं. मी राउटरवर ग्राफ लावून बघितला तेव्हा विक्रेत्याच्या इंजिनियरला फोन केला, तो म्हणाला, "मॅडम, ते कोडेकचं फिगर आहे, नेटवर्कचं नाही." बरं. मग बँडविड्थ कशाची वाचवत होतात दादा?

पण डब्यात एक गोष्ट आहे जी ब्रोशरमध्ये एका ओळीत खाली कुठेतरी लिहिलीये आणि खरी किंमत तिचीच आहे. आयएएक्स२ ट्रंकिंग. हा अ‍ॅस्टेरिस्कसाठी बनलेला प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची ठरलेली पद्धत, दोन्ही टोकांना तो समजणारं यंत्र असेल तरच चालतो. काय करतो, तर एकाच वेळी चालू असलेल्या सगळ्या कॉलचा आवाज दर २० मिलिसेकंदाला गोळा करून एकाच पॅकेटात घालतो. आधी प्रत्येक जण स्वतःची वेगळी रिक्षा करून स्टँडवर जात होता, आता सगळे एका एसटीत. हेडर एकदाच, आणि प्रत्येक कॉलमागे फक्त चारसहा बाइटची चिठ्ठी.

आकडे बघा. आमच्याकडे गर्दीच्या वेळी बारा कॉल धरा. जी.७११ वर बाराचे १०४६ किलोबिट, म्हणजे दोनातलं अर्धं नुसतं बोलण्यात गेलं. जी.७२९ नुसता लावला तर ३७४. आणि जी.७२९ ट्रंकमध्ये घातला तर कागदावर १४०-१५० च्या आसपास, आणि आमच्या ग्राफवर पण तसंच दिसलं, व्हीपीएनचं थोडं वर. म्हणजे कॉल जितके जास्त तितकी बचत जास्त. एकच कॉल चालू असेल तर ट्रंकचा फायदा जवळजवळ शून्य, त्यामुळे दुकानात बसून एका फोनवर डेमो दाखवतात तो बघून काही कळत नाही. शिवाय सगळं एकाच यूडीपी पोर्टवरून जातं, ४५६९, फायरवॉलमध्ये एकच भोक पाडायचं, हा फायदा मला वैयक्तिक फार आवडला.

तोटा पण आहे. एसटी चुकली तर सगळ्यांचीच चुकते. एक पॅकेट हरवलं की बाराही जणांचे २० मिलिसेकंद गेले. पाऊस चालू असताना आरएफ लिंकवर हे होतं आणि मग सगळे एकदम "हॅलो? हॅलो?" करतात.

दुसरा मार्ग म्हणजे एका पॅकेटात ४० मिलिसेकंदांचा आवाज भरायचा, म्हणजे हेडर निम्म्या वेळा लागतं, ३१ चे साडेएकोणीस होतात. डब्यात ही सेटिंग आहे. मी लावून बघितली आणि काढली, कारण वीस मिलिसेकंद उशीर वाढतो आणि एक पॅकेट गेलं की अख्खं अक्षर जातं. तसं एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर चालतो असं आयटीयूच्या (टेलिकॉमची आंतरराष्ट्रीय संघटना) शिफारशीत आहे, पण आमच्या लिंकवर आधीच बराचसा संपलेला असतो.

आता आवाजाचं बोलू, कारण शेवटी ऐकायचं माणसांनाच आहे.

जी.७२९ हा आवाजाची लहर पाठवतच नाही. तो माणसाचा घसा आणि तोंड यांचं एक गणिती मॉडेल करतो, आणि "हे मॉडेल असं फिरवा, त्यात कोडबुकमधला हा धक्का द्या" एवढीच सूचना पाठवतो. तिकडे परत आवाज तयार होतो. यामागची जी सेल्प नावाची कल्पना, ती १९८५ ची, मॅनफ्रेड श्रोडर आणि बिष्णू अटल यांची. अटल मूळचे कानपूरचे, बंगलोरच्या आयआयएससीतून अमेरिकेत बेल लॅब्जला गेले. तेव्हा एक सेकंदाचा आवाज दाबायला क्रे-१ सुपरकॉम्प्युटरला दीडशे सेकंद लागत होते म्हणे, आणि आज हा टिफिनएवढा डबा बारा कॉल एका वेळी करतो आणि गरमसुद्धा होत नाही. याचं मला खरंच कौतुक वाटतं, विक्रेत्याचं नाही, अटलांचं.

पण घशाचं मॉडेल आहे म्हटल्यावर घशातून न आलेलं काहीही त्याला झेपत नाही. होल्डवर आम्ही सनई ठेवलेली, प्लँटवाल्यांनी विचारलं काय बिघडलंय फोनमध्ये. सनई घरघरते, मध्येच गायब होते, मग एकदम किंचाळते. होल्डचं म्युझिक काढून टाकलं आणि साधं "कृपया थांबा" रेकॉर्ड करून ठेवलं, ते छान ऐकू येतं. फॅक्स तर चालतच नाही, आमच्याकडे एक मशिन अजून जपलेलं आहे, त्या एक्स्टेंशनला वेगळा जी.७११ द्यावा लागला. (टी.३८, म्हणजे इंटरनेटवरून फॅक्स पाठवायची पद्धत, तिचा पर्याय असतो पण आमच्या मशिनच्या अडॅप्टरमध्ये नव्हता.)

आणि गेटचा किस्सा. प्लँटच्या मेन गेटला डोअरफोन आहे, रात्री गाडी आली की कॉल भोसरीच्या सिक्युरिटी डेस्कला येतो, तिथून ९ दाबलं की बॅरियर उघडतो. डबा बसवल्यावर ९ दाबून दाबून बोट दुखलं तरी बॅरियर ढिम्म. कारण ९ चा जो टूं असा आवाज असतो तो दोन सुरांचा मिळून असतो, तो आवाजातूनच पाठवला तर कोडेक त्याची वाट लावतो. तो आवाजातून न पाठवता वेगळ्या पॅकेटने पाठवायचा असतो, आरएफसी ४७३३ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धती ठरवणारे दस्तऐवज) असं सेटिंगमध्ये लिहिलेलं असतं (जुन्या फोनमध्ये २८३३), ते डोअरफोनमध्ये आणि डब्यात दोन्हीकडे सारखं केलं आणि बॅरियर उघडला. कुणाचं असं अडलं असेल तर आधी हे बघा, सपोर्टला फोन लावून दोन तास घालवू नका.

आता मुख्य तक्रार, आणि ती मशिनची नाही, आमच्या स्टोअर्समधल्या काकांची. काका रोज अकाउंट्सच्या मॅडमना स्टॉकचे आकडे सांगतात. डबा लागल्यापासून संवाद असा:

"साठ ड्रम."
"आठ?"
"साठ हो, साठ."
"काका, आठ का साठ?"
"सहावर शून्य! मेसेज टाकू का त्यापेक्षा?"

याला कारण आहे. साधा टेलिफोन ३४०० हर्ट्झच्या वरचं काही पाठवतच नाही, आणि "स" ची बहुतेक ताकद त्याच्या वर असते. जी.७११ मध्ये पण हेच होतं, पण तिथे जे थोडंफार सळसळणं उरतं त्यावरून कान अंदाज बांधतो, जी.७२९ मध्ये तेही पुसट होतं. त्यात मागे कॉम्प्रेसर चालू असेल तर संपलंच. घरच्या फोनवर गप्पा मारताना हे जाणवत नाही कारण वाक्यावरून कळतं, पण स्टॉकच्या आकड्याला मागचंपुढचं वाक्य नसतं.

आणि इथेच मला या अख्ख्या "कॉम्प्रेशन" प्रकरणातली खरी गंमत दिसली. हेडरचे ४० बाइट द्यायचेच आहेत, आवाज २० बाइटचा पाठवा नाहीतर ४० चा. मग आवाजात एवढी काटकसर कशाला? ओपस म्हणून कोडेक आहे, २०१२ मध्ये आरएफसी ६७१६ म्हणून आला, फुकट आणि खुला, व्हॉट्सअ‍ॅपनेही कॉलसाठी हाच वापरला. तो ६ किलोबिटपासून ५१० पर्यंत कुठेही बसतो. १६ किलोबिटवर ठेवला तर पॅकेटात ४० बाइट आवाज, हेडर आणि इथरनेट धरून ३९ किलोबिट. जी.७२९ चे ३१. म्हणजे एका कॉलमागे ८ किलोबिट जास्त देऊन आवाजाचा पट्टा जवळजवळ दुप्पट मिळतो, आणि त्यात "स" येतो. काकांच्या आणि मॅडमच्या फोनवर ओपस लावला. आता साठ म्हणजे साठच ऐकू येतं. यासाठी दोन्हीकडचे फोन ओपसवाले पाहिजेत हे मात्र खरं, आमचे जुने निम्मे फोन नाहीत, त्यांना बदलायचं बजेट मंजूर झालेलं नाही, आणि होईल असं वाटतही नाही.

म्हणून आता असं ठेवलंय: फायबर चालू असताना ओपस, ज्यांच्याकडे नाही त्यांना जी.७११, काटकसर अजिबात नाही. फायबर तुटला आणि आरएफवर गेलं की जी.७२९ ट्रंकमध्ये. डब्यात हे लिंक बघून आपोआप बदलायची सोय आहे असं लिहिलंय, आमच्याकडे ती चालली नाही, इंटिग्रेटरच्या मुलाने एक छोटी स्क्रिप्ट लिहून दिली, ती चालते. मुलगा हुशार आहे.

सायलेन्स सप्रेशन म्हणून अजून एक बटण आहे. कल्पना फार जुनी आहे, अटलांटिकच्या तळाशी १९५६ मध्ये जी पहिली टेलिफोन केबल टाकली तिच्यात सुरुवातीला ३६ च सर्किट होती, मग १९६० च्या सुमारास टासी नावाचं यंत्र लावलं, ते एक माणूस गप्प बसला की तेवढ्या वेळात त्याची लाइन दुसऱ्याला द्यायचं, कारण संभाषणात प्रत्येक जण निम्म्याहून कमी वेळ बोलत असतो. तेव्हा लाइन सोन्याच्या भावाची होती, त्यामुळे ते करणं भागच होतं. आमच्या फोनमध्ये हे चालू केलं तर ऑफिसकडून बचत दिसते, प्लँटकडून काहीच नाही, कारण प्लँटमध्ये शांतता नावाचा प्रकारच नाही, फोनला वाटतं कोणीतरी सतत बोलतंय. उलट ऑफिसवाल्यांच्या वाक्याचं पहिलं अक्षर खाल्लं जातं. "नको" चं "को" होतं आणि समोरचा "हो" ऐकतो, परचेसमध्ये असं झालं तर काय होईल विचार करा. बंद केलं.

कॉन्फरन्सबद्दल थोडक्यात: तिघाचौघांना जोडलं की डब्याला प्रत्येकाचा आवाज उघडून, मिसळून, परत दाबावा लागतो. दोनदा दाबलेला आवाज मस्त नसतो. सोमवारची मीटिंग त्यामुळे व्हिडिओ कॉलवरच घेतो. आणि फोन एका कोडेकवर, लिंक दुसऱ्यावर असं ठेवलं की प्रत्येक कॉलला डब्याचा प्रोसेसर झिजतो, म्हणून फोनच जी.७२९ बोलणारे असतील तर डब्याने मध्ये नुसतं पुढे ढकलायचं, हलका राहतो.

खरेदी करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कोटेशनमध्ये "जी.७२९ लायसन्स, प्रति चॅनल" अशी ओळ असेल तर विचारा की हे कशाचे पैसे. एके काळी चॅनलमागे दहा डॉलर वगैरे द्यावे लागायचे ते बरोबर होतं, पण १ जानेवारी २०१७ पासून हा कोडेक रॉयल्टीमुक्त आहे. सॉफ्टवेअर बनवल्याचे पैसे मागत असतील तर तसं लिहून द्या म्हणावं, पेटंटच्या नावाखाली नको. आमच्या कोटेशनमध्ये ती ओळ होती, विचारल्यावर "टायपिंग मिस्टेक" निघाली. आणि बाहेरून पीआरआयवर आलेले कॉल या लिंकवरून दुसऱ्या गावाला फिरवायचा विचार असेल तर आधी टेलिकॉम ऑपरेटरकडून नियम लेखी विचारून घ्या, आम्ही फक्त आपल्याआपल्यातले एक्स्टेंशन कॉल नेतो.

आणि हे सगळं करायच्या आधी, खरंच आधी, राउटरमध्ये क्यूओएस (कुठलं पॅकेट आधी सोडायचं ते ठरवणारं सेटिंग) लावा. व्हॉइसच्या पॅकेटला ईएफ, म्हणजे ४६ नंबरचा शिक्का, आणि त्याला पुढची रांग. दोन एमबीपीएसवर एक मोठं १५०० बाइटचं पॅकेट जायलाच ६ मिलिसेकंद घेतं, टॅलीच्या बॅकअपची अशी पन्नास पुढे उभी असतील तर तुमचा आवाज मागे ३०० मिलिसेकंद उभा. तिथे कुठला कोडेक लावलाय याने शष्प फरक पडत नाही. आमचा निम्मा त्रास नुसत्या याने गेला, आणि ही सेटिंग आमच्या जुन्या राउटरमध्ये पहिल्यापासून होती, त्यासाठी डबा घ्यायची गरज नव्हती.

रेटिंग: ट्रंकिंगला ५ पैकी ५. आवाजाला, जी.७२९ वर ३, ओपसवर साडेचार. वेब पेजला २, मराठी सोडा, इंग्रजीसुद्धा धड नाहीये, "सेव्ह" दाबलं की कधी सेव्ह होतं कधी चालू कॉल कट होतात. ब्रोशरला शून्य.

शहरात असाल, फायबर धड असेल, पन्नास-शंभर एमबीपीएस घेऊन बसला असाल तर हा डबा घेऊच नका, शंभर कॉल जी.७११ वर केले तरी नऊ एमबीपीएसच्या आत बसतात. घाटाखाली, माळावर, साइटवर, जिथे लिंक बारीक आहे आणि एका वेळी आठदहा कॉल चालतात तिथे घ्या. दोन ठिकाणी दोन घ्यावे लागतात हे धरून बजेट मागा, आम्ही एकाचंच मागितलं असतं तर साहेबांनी दुसऱ्याला नक्की नाही म्हटलं असतं. आणि कोकणात लावणार असाल तर पत्र्याच्या पॅनलमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, जूनमध्ये नेटवर्क पोर्टवर हिरवी बुरशी चढते, ती वॉरंटीत येत नाही.